बॅटरी फुगलीय, पण चालतेय ना!

२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. कोरेगाव तालुक्यातलं मामाचं शेत, रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले, खिशातून हात बाहेर काढवत नाहीत अशी थंडी. आणि मी हाताने बांधलेला, बॅटरीसकट सातशे ग्रॅमच्या आसपास भरणारा ड्रोन मामीपासून पाच फुटांवर धप्पकन येऊन पडला. मामी हरभऱ्याची भाजी खुडत होती. तिने आधी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आरं, घार पडली का काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण गॉगल काढून हातात धरला होता ना, तो हात थरथरत होता. पाच इंची पंखे, मिनिटाला हजारो फेरे, आणि मध्ये फक्त पाच फूट. हे अंतर मी ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप पडलेलं होतं.

तर मंडळी, आजचा लेख त्या पाच फुटांबद्दल. म्हणजे खरं तर बॅटरीबद्दल. ड्रोनचा नाद असलेले चार जण एकत्र आले की गप्पा कॅमेऱ्यापासून सुरू होतात आणि शेवटी बॅटरीवर येऊन थांबतात. "फ्लाइट टाइम वाढवायला काय करू?" हा प्रश्न मला गेल्या तीन वर्षांत किती जणांनी विचारला असेल देव जाणे. मी स्वतःही किती जणांना विचारलाय. माझं आता असं ठाम मत झालंय की प्रश्नच चुकीचा आहे. का, ते सांगतो.

आधी त्या सकाळी झालं काय ते. माझ्याकडे चार पॅक होते. फोर-एस, म्हणजे चार सेल एकापुढे एक जोडलेले, पंधराशे एमएएचचे. पहिले तीन संपले. चौथा थोडा फुगलेला होता. अगदी टम्म नाही हो, तव्यावरची भाकरी नुकती फुगायला लागते ना, तेवढाच. अडीच हजारांचा पॅक. टाकून कसा द्यायचा? "अजून दोन-चार फ्लाइट निघतील" असं मी त्याच्याबद्दल गेले दोन महिने म्हणत होतो. जोडला, उडवला. तीन मिनिटं झकास. मग चाळीसेक मीटर वरून खाली सूर मारला आणि शेवटी उचलायला थ्रॉटल दिला, तर ताकदच येईना. मोटारी फिरतायत, पण जीव नसल्यासारख्या. जमीन मोठी मोठी होत गेली आणि धप्प.

मामी तिथे येईल हे मला माहीत नव्हतं, हा बचाव होऊ शकत नाही. गॉगल डोळ्यांवर असताना तुम्हाला फक्त ड्रोनचे डोळे असतात. मामेभाऊ शेजारी उभा होता, पण तोही वर ड्रोनकडेच बघत होता.

आता यातलं इंजिनिअरिंग. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सपलीकडे काही नाही. लायपो सेल पूर्ण चार्ज असतो तेव्हा ४.२ व्होल्टला असतो आणि ३ व्होल्टच्या खाली न्यायचा नसतो. पण हे आकडे शांत बसलेल्या सेलचे. त्यातून करंट ओढायला लागलं की व्होल्टेज दबतं, कारण सेलच्या पोटातच एक रेझिस्टन्स असतो. चांगल्या नव्या सेलचा समजा ५ मिलिओहम धरला. सूर मारून उचलताना ६० अँपिअर ओढले तर प्रत्येक सेलमागे ०.३ व्होल्ट गळाले. काही बिघडत नाही. तोच सेल जुना होऊन १५ मिलिओहमला पोचला की तेवढ्याच करंटला ०.९ व्होल्ट जातात. म्हणजे आरामात असताना ३.७५ दाखवणारा सेल ऐन गरजेच्या क्षणी २.८५वर येतो. त्यात थंडीने हा अंतर्गत रेझिस्टन्स अजून वाढतो. आणि चारपैकी एक सेल बाकीच्यांपेक्षा कमजोर असला, जो जुन्या पॅकमध्ये हमखास असतो, की तो आधी कोसळतो आणि पूर्ण पॅकची ताकद घेऊन जातो. अशा वेळी तुम्ही घाबरून थ्रॉटल अजून वाढवता, म्हणजे अजून करंट, म्हणजे व्होल्टेज अजून खाली. खड्ड्यात पडताना अजून जोरात खणायचं, तसलं काम.

हे मी जेवताना मामाला सांगत होतो. मला वाटलं, डोक्यावरून जाईल. मामा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "म्हंजे आपल्या डीपीवर रातच्याला सगळ्यांनी मोटारी चालू केल्या की दिवा बारीक होतो, तसंच की." मी गप्प. चार वर्षं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षं नोकरी करून मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. आणि पुढे म्हणाला, "व्होल्टेज कमी असताना मोटार रेटली की जळती. आम्ही बंद ठेवतो. तू का नाही ठेवलीस?"

का नाही ठेवली? इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तीच आहे.

ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरवर बीटाफ्लाइट नावाची सॉफ्टवेअर प्रणाली चालते. तिच्यात दर सेलमागे ३.५ व्होल्टला वॉर्निंग आणि ३.३ला 'आता खरंच उतरव' असे आकडे आधीच घातलेले येतात. गॉगलमध्ये ती अक्षरं लुकलुकायला लागतात. माझ्या जुन्या पॅकवर ती प्रत्येक वेळी जोरात थ्रॉटल दिला की लुकलुकायची. सारखी. वैताग आला. मग मी काय केलं असेल? पॅक बदलला? छे! लॅपटॉप काढला आणि वॉर्निंग ३.२वर आणली, खालचा आकडा ३.०वर. अर्ध्या मिनिटाचं काम. लुकलुक बंद, मन शांत.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. सर्व्हरची डिस्क ऐंशी टक्के भरली की रात्री दोन वाजता फोन वाजतो. दोनदा उठलो, तिसऱ्यांदा कोणीतरी ऐंशीचं नव्वद करतो. मग नव्वदचं पंच्याण्णव. तिकीट बंद, टीम खूश. आणि मग एका शनिवारी सगळं झोपतं. त्या 'कोणीतरी'मध्ये मी दोनदा होतो. फरक इतकाच की तिथे डिस्क भरते, इथे खाली मामी असते.

बरं, वॉर्निंग खोटी होती का? अर्धी खोटी होती, हेही खरंय. थ्रॉटल सोडला की व्होल्टेज परत वर येतं, त्यामुळे क्षणभर लुकलुकलं म्हणजे बॅटरी संपली असं नाही. पण ती दुसरंच काहीतरी सांगत होती: "संपले नाहीये, पण म्हातारी झालेय." मी तिचं तोंड दाबलं. खरा उपाय सोपा होता. बॅटरी किती भरलेली आहे ते थ्रॉटल हलका असताना बघायचं, आणि त्याच्या जोडीला करंट सेन्सरवरून किती एमएएच खर्च झाले ते. पंधराशेच्या पॅकमधून बाराशे गेले की उतरायचं. ऐंशी टक्क्यांचा नियम. जुना नियम आहे, सगळ्यांना माहीत असतो, आणि उरलेल्या तीनशेचा मोह सगळ्यांना पडतो. तीनशे एमएएच म्हणजे किती? माझ्या ड्रोनवर पाऊण मिनिट. मी पाऊण मिनिटासाठी हे केलं.

म्हणून म्हणतो, फ्लाइट टाइमचा प्रश्न चुकीचा. खोक्यावर छापलेली मिनिटं ही वारा नसताना, ठरावीक वेगाने, जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत उडवून मोजलेली असतात. डीजेआय मिनी २च्या खोक्यावर ३१ मिनिटं आहेत. एकतिसाव्या मिनिटाला तो ड्रोन कुठे असायला हवा? हातात. आपण मात्र एकतीस मिनिटं 'विकत घेतली' असं समजतो आणि पंचविसाव्याला उतरवलं की सहा मिनिटं कोणीतरी चोरल्यासारखं वाटतं.

टक्क्यांचंही तसंच. तयार ड्रोनच्या स्क्रीनवर ३४ टक्के दिसतं आणि आपल्याला ती बाइकची पेट्रोलची टाकी वाटते. पेट्रोल शेवटचं लिटर असो की पहिलं, इंजिनाला तेवढीच ताकद देतं. बॅटरीचे शेवटचे टक्के पहिल्यांसारखे नसतात, ते कच्चे असतात. शिवाय ते टक्के हा हिशोब आहे, मोजमाप नाही. परत यायला किती लागतील याचा अंदाज ड्रोन बांधतो, पण वाटेत वारा बदलला तर त्याची शिक्षा तुम्हालाच. माझ्या एका कलिगने हे नीट अनुभवलं. हिशोब बघा: ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर, पाठीमागून वारा ५ मीटर. जाताना १५ने गेला, एका मिनिटात ९०० मीटर. वा वा! येताना तोच वारा समोरून. उरले ५. तेच ९०० मीटर यायला तीन मिनिटं. जाताना जेवढी बॅटरी गेली त्याच्या साधारण तिप्पट येताना लागणार. तो 'अर्धी संपली की फिरतो' म्हणाला होता. ड्रोन उसाच्या फडात उतरला आणि दोन तास शोधून सापडला. नशीब ऊस होता, हायवे नव्हता. जायचं ते आधी वाऱ्याच्या तोंडावर, एवढंच लक्षात ठेवलं असतं तरी पुरलं असतं.

पण हवेतलं जाऊ द्या. बॅटरी हवेत पाच मिनिटं असते. उरलेला सगळा वेळ ती तुमच्या घरात असते. आणि मला विचाराल तर खरा घोळ तिथेच आहे.

माझा पॅक नंबर चार हवेत म्हातारा झालाच नव्हता. तो कपाटात म्हातारा झाला. आपल्याकडे जून लागला की हा नाद चार महिने बंद. मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी चारही पॅक फुल चार्ज केले, शनिवारी उडवायचे म्हणून. शनिवारी वळवाचा पाऊस. रविवारी पाऊस. मग रिलीज आलं, मग मान्सून आला. पॅक ४.२ व्होल्टवर कपाटात. सप्टेंबरात काढले तर चौथा फुगलेला. लायपोला पूर्ण भरलेलं राहायला अजिबात आवडत नाही. आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं, वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. उन्हाळ्याची गरमी असेल तर अजून लवकर. ठेवायचंच असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास. बहुतेक चार्जरवर त्यासाठी 'स्टोरेज' असं बटण असतं. माझ्याही चार्जरवर होतं. पहिल्या दिवसापासून. उडवायच्या आदल्या रात्री भरायचं, आणि बेत फिसकटला तर एक-दोन दिवसांत स्टोरेजला आणायचं, इतकं साधं.

आणि हो, उडवून आल्यावर पॅक गरम असताना जरासा फुगल्यासारखा लागतो आणि थंड झाल्यावर बसतो, त्याला मी आजही माफ करतो. थंड असतानाही फुगलेला असेल तर नाही. यावर अनुभवी लोक माझ्याशी वाद घालतात. "थोडी फुगलेली दोन वर्षं वापरतोय, काही होत नाही." होत नाही, बरोबर. बहुतेक वेळा होतच नाही. मामीलाही काही झालं नाही.

मी कुठे चार्ज करायचो ते ऐका. वाकडचा टू बीएचके, दाराशेजारी लाकडी शू-रॅक, त्यावर एकुलता एक मोकळा प्लग. चार्जर तिथे. पॅक लावायचो आणि खाली टपरीवर चहाला जायचो. घरात आई. तिला गुडघ्यांचा त्रास, भरभर चालता येत नाही. आता नीट विचार करा: आग लागली असती तर कुठे लागली असती? बाहेर पडायच्या एकमेव दाराशी. हे मला कोणी सांगितलं नाही, त्या रविवारी रात्री कोरेगावहून परत आलो, चपला काढायला वाकलो आणि समोर चार्जर दिसला, तेव्हा कळलं.

जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा गोंधळ झाला होता. बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एका विमानात बॅटरी पेटली, काही दिवसांतच जपानमध्ये दुसऱ्या विमानाला तातडीने उतरावं लागलं, आणि जगभरातली ती सगळी विमानं तीन महिने जमिनीवर बसली. एप्रिलमध्ये ती परत उडाली तेव्हा उपाय काय होता? सेलमधलं अंतर आणि इन्सुलेशन सुधारलं, चार्जर सुधारला, ते ठीकच. पण त्याबरोबर अख्खी बॅटरी स्टीलच्या पेटीत घातली आणि धूर विमानाबाहेर सोडायला नळी दिली. म्हणजे बोइंगनेही "आता पेटणारच नाही" असं धरलं नाही. पेटली तर काय, याची सोय केली. मी शू-रॅक वापरत होतो!

सध्या आमच्या बाल्कनीत मातीची मोठी कुंडी आहे, तळाला वाळू, वर झाकायला फरशीचा तुकडा, घट्ट न बसणारा. घट्ट बंद डबा नको, आत वायू कोंडला तर तो बॉम्बच. चार्जिंग तिथेच, आणि मी घरात जागा असतानाच. एक सेल पेटला की शेजारचे त्याच्या उष्णतेने पेटतात, म्हणून सगळे पॅक एकत्र ठेवत नाही. हे करायला मला एकूण शंभर-दीडशे रुपये लागले. कुंडी आईकडे आधीच होती. तिचं म्हणणं, तुळस लावायची होती. असो.

राहिला प्रश्न फुगलेल्या नंबर चारचा. त्याचं करायचं काय? इंटरनेटवर बघाल तर मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणतात. मी करून बघितलं नाही आणि करणारही नाही, कारण मिठाच्या पाण्यात बाहेरचे टॅब गंजून तुटतात, मग सेल आतून भरलेलाच राहू शकतो आणि आता तो रिकामा करायला हात लावायला जागाच नाही. मी गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडले आणि बाल्कनीत समोर बसून पॅक सावकाश रिकामा केला. दिवे मंदावत मंदावत विझले. मग टोकांना टेप.

आणि मग? सुक्या कचऱ्यात टाकायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई हातानेच वेगळं करतात. त्यांच्या हातून तो पॅक गाडीत, गाडीत दाबणारं यंत्र. अर्धवट भरलेला एखादा पॅक तिथे चिरडला तर पेटेल तो त्यांच्या अंगाशी. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे आणि परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची. कागदावर उत्तम. मी जिथून पॅक घेतला त्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, परत घेत नाही, नवा देऊ का?" शेवटी ई-कचरा गोळा करणाऱ्या एका केंद्रावर सुट्टी टाकून देऊन आलो. शनिवार-रविवार ते बंद. एका बॅटरीसाठी एक सुट्टी! अडीच हजारांचा पॅक टाकवत नव्हता तो मी, त्यापेक्षा महागाचा दिवस घालवून आलो.

म्हणून माझा बदललेला प्रश्न असा: ही बॅटरी मी कधी टाकणार? आणि त्याचं उत्तर विकत घेतानाच द्यायचं, नवी आणि गोजिरवाणी असताना, कारण नंतर आपल्याला तिची आणि पैशांची माया लागते. आता नवा पॅक आला की मी त्यावर मार्करने तारीख लिहितो आणि चार्जर दाखवतो तो चारही सेलचा रेझिस्टन्स. त्यातला कुठलाही आकडा दुप्पट झाला की पॅक निवृत्त. थंड असताना फुगलेला दिसला की त्याच दिवशी निवृत्त. चर्चा नाही. वॉर्निंग परत ३.५वर आहे आणि तो आकडा बदलायचा मोह झाला तर आधी पॅकवरचा मार्कर वाचायचा, असं स्वतःशी ठरवलंय. आता नव्या पॅकवर ती लुकलुकत नाहीच फारशी. गंमत म्हणजे माझी उड्डाणं मिनिटभराने छोटी झाली आणि ड्रोन दुरुस्त करण्यात जाणारे रविवार जवळपास संपले.

परवा परत कोरेगावला गेलो होतो. पॅक आधी जॅकेटच्या आतल्या खिशात गरम करून घेतले, मामेभावाला फक्त जमिनीकडे बघायचं काम दिलं. बॅग उघडली तशी मामी ओसरीवरून ओरडली, "फुगल्याली न्हाई ना रं आणलीस?" मी चारही पॅक तिला हातात घेऊन दाखवले. तिने एकेक दाबून बघितला, बाजारात वांगी बघते तसा, आणि म्हणाली, "हां, उडव. पण भाजीकडं नको येऊस."